बासष्ट बार गप्प, आणि पुढचा एक

माझा पहिला किस्सा एका रेस्टचा.

नोकरीचा तिसरा दिवस होता. स्क्रीनवर ओबो नावाच्या फुंकवाद्याचं पान उघडलेलं. रेस्ट म्हणजे पाश्चात्त्य नोटेशनमधली गप्प बसायची खूण. इतक्या मात्रा वाजवू नका, एवढंच ती सांगते. त्या पानावरच्या बाकी सगळ्या रेस्ट्स ओळीच्या मधोमध शहाण्यासारख्या बसलेल्या, आणि एकच बया ओळीच्या वर चढून बसलेली. मला वाटलं, माझाच कुठेतरी धक्का लागला. माउसने धरून खाली ओढली. फाइल बंद करून उघडली, तर परत वर! पुन्हा ओढली. पुन्हा वर!

चौथ्यांदा ओढत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "तिने काय घोडं मारलंय तुझं?"

मी खुर्चीतून वीतभर उडाले. मागे डेरेक, आमचा साहेब. साठीचा, एकेकाळी शाई-टाकाने नोटेशन उतरवणारा. त्याने समजावलं की एकाच ओळीवर दोन ओबो लिहिलेले असतात. एक वाजवत असताना दुसरा गप्प असला, तर वाजवणाऱ्याला जागा मिळावी म्हणून सॉफ्टवेअर गप्प बसलेल्याची रेस्ट बाजूला सरकवतं.

"वाकडी नाहीये ती, लव्ह," डेरेक म्हणाला. "तिला फ्लॅटमेट आहे!"

मी खूप हसले. हसणं भाग होतं. कारण आदल्याच दिवशी अशा चाळीसेक रेस्ट्स मी ओढून 'सरळ' करून लगेच छापल्या होत्या आणि ती पानं पोस्टात गेली होती. डेरेकला हे मी अजून सांगितलेलं नाही.

असे किस्से साठत जातात. एक दडपला की त्याच्यावर दुसरा, दोन्ही झाकायला तिसरा. लंडनच्या कडेला पिनरमध्ये, मी राहते तिथे, कुणाकडे जेवायला जमलो की मैत्रिणी म्हणतात, "ऋजुता, तुझ्या त्या ऑफिसातलं सांग ना!" मी सांगते, सगळ्या हसतात. फक्त प्रत्येक वेळी माझा वाटा तेवढा वगळून सांगते. इथे तो घालून लिहिते आहे.

*

ऑफिस वॉटफर्डला, कार्पेटच्या दुकानाच्या वर. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, मोठा प्रिंटर आणि एक किटली. काळ दोन हजारनंतरचा, पण फोनवर अजून फक्त फोनच करायचा तो. संगीतकारांनी पेन्सिलीने लिहिलेलं आम्ही सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं आणि प्रत्येक वादकाला त्याचं त्याचं पान छापून द्यायचं. मी पुण्याची, कॉलेजात फिजिक्स, लहानपणापासून व्हायोलिन, मग इथे म्युझिक टेक्नॉलॉजीचं एक वर्ष. मुलाखतीत डेरेकने एकच प्रश्न विचारला होता, "चुका करतेस का?" मी म्हणाले, "नाही." तिथूनच सुरुवात झाली म्हणायची.

सॉफ्टवेअरमध्ये स्पेसबार दाबला की लिहिलेलं वाजायला लागायचं. डेरेकला ऐकायला कमी येत असल्यामुळे स्पीकर कायम फुल! एकदा माझ्या हातात चहा होता आणि कोपर स्पेसबारवर पडलं. तुताऱ्यांसारख्या पितळी वाद्यांचं अख्खं ब्रास सेक्शन कानाशी केकाटलं आणि अख्खा कप कीबोर्डमध्ये गेला.

आवाज थांबला, पण कीबोर्डवरचा शून्य अडकून बसला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये शून्य दाबला की रेस्ट पडते. तो आपोआपच दाबलेला! माझ्या डोळ्यांदेखत एका क्लॅरिनेटवाल्याच्या पानावर रेस्टमागून रेस्ट पडत चालली. शंभर बार, दोनशे बार... बार म्हणजे आपल्या आवर्तनासारखंच, बहुधा चार मात्रांचं. चारशेच्या पुढे गेल्यावर डेरेक आत आला. स्क्रीनकडे बघत म्हणाला, "अरे वा! शेवटी आपल्याला मॉडर्न काम मिळालं म्हणायचं!"

"कीबोर्डवर वरून पाणी गळलं," मी म्हणाले. तोंडातून कसं निघालं, देव जाणे.

डेरेकने घरमालकाला फोन केला. घरमालकाने प्लंबर पाठवला. त्या बिचाऱ्याने अर्धा दिवस शिडीवर चढून सीलिंगच्या सगळ्या टाइल्स काढून पाहिल्या. छताचा ठणठणीत कोरडेपणा मी खालून पाहत होते. शेवटी तो खाली उतरला, कीबोर्ड उचलला, उलटा केला, हुंगला आणि अत्यंत गंभीरपणे डेरेकला म्हणाला, "गळती मी खूप पाहिल्यात, साहेब. वेलदोडा घातलेली पहिल्यांदाच!"

*

ह्या सॉफ्टवेअरची एक खोड आहे. स्वर पुसला की तिथे आपोआप रेस्ट येते. रेस्ट पुसायला जावं तर ती पुसली जात नाही, नुसती लपते. म्हणजे असते तिथेच, पण कागदावर छापून येत नाही.

मला हे फार आवडलं होतं. रेस्ट्सनी भरलेलं पान मला पसाऱ्यासारखं वाटायचं. एका हौशी ऑर्केस्ट्राच्या व्हायोलाच्या, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या बहिणीच्या, पानावरच्या अशा सगळ्या रेस्ट्स मी लपवून टाकल्या. पान काय सुंदर दिसायला लागलं! पांढरंशुभ्र.

चार दिवसांनी व्हायोलावाल्या बाईंचा फोन. "डिअर, माझे काही बार नुसते कोरे आहेत. तिथे मी काय करायचं?"

खरं उत्तर सोपं होतं. 'माझी चूक झाली, तिथे रेस्ट आहे, गप्प बसा.' पण डेरेक समोरच सँडविच खात बसला होता. मी आवाज खाली आणून म्हणाले, "आधी जे करत होतात तेच करा."

त्या बाई फार आज्ञाधारक निघाल्या! कोरा बार आला की त्या आधीचा स्वर तसाच धरून ठेवायच्या. कॉन्सर्टभर.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या कंडक्टरचं पत्र आलं. डेरेकने चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "तुमच्या भारतीय सहकारी बाईंनी व्हायोलाच्या भागात तानपुऱ्याचा जो परिणाम साधला, त्याने आम्ही सगळे भारावून गेलो!"

डेरेकने पत्र खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "थँक यू."

*

करंदीकरकाका मला पिनरच्या एका सत्यनारायणाला भेटले. मूळचे नागपूरचे, हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, त्यामुळे फोन कायम खिशात, आवाज बंद पण चालू. तीस वर्षांपूर्वी इथे आले. मी काय काम करते ते ऐकल्यावर त्यांनी प्रसादाची वाटी खालीच ठेवली.

"म्हणजे ते आकडे तू लिहितेस?"

काका वॉटफर्डच्या हौशी ऑर्केस्ट्रात टिम्पनी वाजवतात, म्हणजे सगळ्यांच्या मागे ठेवलेले ते तांब्याचे मोठ्ठे नगारे. टिम्पनीवाल्याला काम थोडं आणि गप्प बसणं फार. त्याच्या पानावर सलग रिकामे बार वेगवेगळे छापत नाहीत. एकच जाड आडवी रेघ असते आणि वर आकडा. सत्तावीस म्हणजे सत्तावीस बार गप्प.

"मी कान वापरत नाही," काका म्हणाले. "कान वापरणारे फसतात. व्हायोलिनवाले जरा गोड वाजवायला लागले की माणूस ऐकत बसतो आणि चुकतो. मी कागदावरचा आकडा मोजतो. बत्तीस वर्षं लोकांचे श्वास मोजतोय, बार काय चीज आहे?"

"आणि कागदावरचा आकडाच चुकला तर?" मी विचारलं.

"कागद कसा चुकेल? तो करणारं माणूस शिकलेलं असतं ना!"

मी प्रसादात तोंड घातलं.

"घरी पण हेच," काकू पलीकडून म्हणाल्या. "मी बोलत असते आणि हे मांडीवर बोटं चालवत असतात. कधी संपेल ते मोजतात!"

"अजून कुठे संपलंय?" काका म्हणाले.

*

त्याच ऑर्केस्ट्रासाठी एलेनॉर व्हिटकम नावाच्या बाईंनी एक नवा तुकडा लिहिला. त्या सत्तरीच्या, आयुष्यभर शाळेत संगीत शिकवलेल्या. पेन्सिलीने लिहिलेला स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असलेली वही, घेऊन स्वतः ऑफिसचा जिना चढून आल्या. सुरुवातीला तंतुवाद्यं हळूहळू वर चढत जातात, बासष्ट बार. मग त्रेसष्टावा बार अख्खा रिकामा, एकवीसच्या एकवीस ओळी रिकाम्या. मग चौसष्टाव्याला टिम्पनी एकटीच, अगदी लांबून आल्यासारखी.

मी बोट ठेवलं. "हा बार लिहायचा राहिलाय का?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. "तो आर्थर आहे."

मी वाद्यांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. आर्थर सापडेना. "आर्थर कुठलं वाद्य वाजवतात?"

डेरेकने टेबलाखालून माझ्या खुर्चीला लाथ मारली.

"एकही नाही," एलेनॉर हसल्या. "माझ्या नवऱ्याला संगीतातलं ओ की ठो कळायचं नाही. पण संध्याकाळी मी पियानोला बसले की दारात येऊन उभा राहायचा. वाजवून संपलं तरी लगेच काही बोलायचा नाही. एवढा वेळ थांबायचा." त्यांनी पेन्सिलीने टेबलावर सावकाश चार ठोके दिले. "मग विचारायचा, चहा टाकू?"

किटली माझ्या मागेच होती, पण उठून चहा टाकायचं मला सुचलं नाही.

"बाकी सगळं वाजवताना थोडं इकडंतिकडं झालं तरी चालेल," जाताना त्या डेरेकला म्हणाल्या. "पण तेवढी शांतता मला हवी. गेल्या वर्षभरात घरात शांतता खूप आहे. ही तशी नव्हती."

त्या गेल्यावर मी एकवीस ओळींत एकवीस रेस्ट्स घातल्या. एकही लपवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला ते पान पसाऱ्यासारखं वाटलं नाही. इथपर्यंतचं सगळं मी कुणालाही सांगू शकते.

*

काका ड्यूटीमुळे एकाच रिहर्सलला जाऊ शकले, आणि नेमका तिथेच घोटाळा झाला. त्यांचं वाजवणं एकदा सुरू झालं की हात सुटा होत नाही, आणि ते ऐन रंगात असतानाच पान संपत होतं.

शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन. "अगं ऋजुता, माझ्या दोन्ही हातांत काठ्या! पान काय दातांनी उलटू? उलटायला गेलो तर सगळे कागद खाली. कंडक्टर म्हणाला, वेळ नाही, तुमचं तुम्ही बघून घ्या. मी निघालोय तिकडेच, दहा मिनिटांत दुरुस्त करून ठेव."

त्या काळी मुख्य स्कोअरमधून एखाद्या वाद्याचं पान काढलं की त्याची सुटी फाइल व्हायची. ह्या फाइलीत केलेला बदल त्या फाइलीला कळायचा नाही. काकांच्या पानावर वर 'सर्वत्र शांतता' ही सूचनाही आली नव्हती. ती मी स्कोअरमध्ये सगळ्यात वरच्या बासरीच्या ओळीला चिकटवली होती, म्हणून ती फक्त बासरीवाल्याला मिळाली. काकांच्या पानावर होती बासष्टची जाड रेघ आणि तिच्या शेजारी, स्कोअरमधल्या दुहेरी रेघेमुळे तिच्यात न मिसळलेला, एक सुटा, रिकामा बार.

मजकूर एका बाराने पुढच्या पानावर जात होता. एकाच! मी अक्षरं बारीक केली, जागा आवळल्या, ओळी जवळ आणल्या. बसेना. डेरेक कोट घालून दारात किल्ल्या वाजवत उभा. खाली काकांनी डबल यलो लाइनवर, पार्किंगला मनाई असलेल्या जागी, गाडी लावलेली आणि दंड ठोकणारा वॉर्डन दोन दुकानं सोडून येताना दिसत होता. काकांनी हॉर्न दिला. मी दचकले.

फाइलीत असे सुटे रिकामे बार बऱ्याचदा उगाच राहून जातात. दिसला की उडवायचा, ही माझी रोजची सवय. मी तो निवडला आणि उडवला.

पान एकदम बसलं! इतकं सुबक बसलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मी पळत खाली गेले आणि गाडीच्या खिडकीतून पान आत दिलं. काकांनी एक नजर टाकली. "वा! आता रविवारी बघ तू."

"चुकणार नाही ना, काका?"

"कागद आहे ना हातात," काका म्हणाले आणि गाडी वॉर्डनच्या नाकासमोरून निघून गेली.

*

रविवारी दुपारी तीनचा कॉन्सर्ट, वॉटफर्डच्या एका चर्चमध्ये. मी पिनरहून वेळेत निघाले होते, पण रविवार म्हटला की रुळांचं काम आणि ट्रेनऐवजी रिप्लेसमेंट बस. ती बस गल्लीबोळांतून, प्रत्येक स्टेशनाला प्रदक्षिणा घालत चाललेली. तीन वाजून गेले तरी आम्ही वाटेतच.

मांडीवर एलेनॉरचा बांधून घेतलेला स्कोअर होता. कॉन्सर्टनंतर तो त्यांच्या हातात द्यायचं काम डेरेकने मला दिलं होतं. करायला काही नव्हतं म्हणून मी तो उघडला आणि एकेक पान चाळत गेले. साठ, एकसष्ट, बासष्ट. पुढे एकवीस रेस्ट्स एकीखाली एक उभ्या आणि वर माझ्याच हाताने टाइप केलेलं, 'सर्वत्र शांतता'.

मी ते वाचलं. मग शुक्रवार आठवला.

तो सुटा, रिकामा बार.

मी पुढच्या सीटवर कपाळ टेकवलं, तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "बस लागते का गं तुला?"

काका कागद बघून बासष्ट मोजणार. बरोबर मोजणार, ते चुकतच नाहीत. आणि त्रेसष्टाव्याला, सगळं चर्च श्वास धरून बसलेलं असताना, नगारे वाजायला लागणार. एलेनॉर पहिल्या रांगेत असणार.

डेरेकला फोन लावला. बंद. काकूंना लावला. बंद, त्याही आतच बसलेल्या. चर्चच्या ऑफिसचा नंबर कार्यक्रमपत्रिकेवर होता, तो वाजत राहिला, वाजत राहिला आणि थांबला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी ड्रायव्हरकडे गेले. "अजून किती वेळ?" तो म्हणाला, "मॅडम, मी पण हा रस्ता आज पहिल्यांदाच बघतोय!"

बसमधल्या घड्याळात तीन पंचवीस. पहिला तुकडा वीस मिनिटांचा होता. तो संपला असणार. म्हणजे एलेनॉरचा सुरू झाला असणार.

आणि तेव्हा मनात जे आलं ते लिहायलाच हवं. मनात आलं, कुणाला कळणारच नाही. काकांना वाटेल, आपलंच मोजणं चुकलं. कंडक्टरलाही तेच वाटेल. काका सगळ्यांची माफी मागतील, एलेनॉर म्हणतील, 'असू दे, डॉक्टर.' सोमवारी फाइलीत तो बार परत घालून ठेवला की पुरावासुद्धा उरणार नाही. मला फक्त स्कोअर मिटून खिडकीबाहेर बघत बसायचं होतं.

मी मिटला. एक सिग्नल गेला. दुसरा गेला.

मग मी काकांचाच नंबर लावला. वाजवायला बसलेला माणूस फोन उचलत नाही हे मला कळत होतं. तरी लावला. एक रिंग. दोन. चार. सहा. काय बोलायचं ते ठरवत होते आणि 'काका, माझी चूक झाली' ह्याच्या पुढे जाताच येत नव्हतं. सात. आठ.

खट्ट झालं.

पलीकडे लांबून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी, व्हायोलिनं हळूहळू वर चढत होती. आणि त्यांच्यावर, अगदी तोंडाशी हात धरलेली, काकांची कुजबुज:

"हं, बोल ऋजुता. पटकन. अजून एकोणचाळीस बार आहेत."